१९५४ चा निकाल आणि पुढची दहा वर्षे : अमेरिकेतल्या शाळांची दारे नेमकी कशाने उघडली?

मेघना

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्याचा निकाल दिला आणि सार्वजनिक शाळांत वर्णावरून मुले वेगळी ठेवणे घटनाबाह्य ठरवले, इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमताचे होते. १८९६ पासून चालत आलेले ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व शाळांपुरते मोडीत निघाले. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालपत्र मुद्दाम छोटे आणि सामान्य माणसाला वाचता येईल असे ठेवले होते. तरीही १९६३-६४ च्या शैक्षणिक वर्षात, म्हणजे निकालाला दहा वर्षे होत आली असताना, दक्षिणेकडच्या अकरा राज्यांत कृष्णवर्णीय मुलांपैकी शेकडा जेमतेम एक मूल गोऱ्या मुलांबरोबर एका शाळेत शिकत होते.

एवढा स्पष्ट निकाल इतकी वर्षे कागदावर कसा राहू शकला, हा माझा पहिला प्रश्न आहे. ‘जमावाची दांडगाई’ हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते, कारण जमाव रोज जमत नाही आणि शाळा मात्र रोज भरते. दुसरा प्रश्न असा की, बदल घडला तेव्हा तो न्यायालयामुळे घडला, केंद्र सरकारच्या पैशामुळे घडला, की ज्या आईवडिलांनी स्वतःची मुले पुढे केली त्यांच्यामुळे? जाणकारांनी शक्य तितक्या तपशिलाने लिहावे, ही विनंती.

श्रीधर

जमाव रोज जमत नाही, हे आपले निरीक्षण अगदी योग्य आहे. रोज काम करणारी होती ती कचेरी, आणि विलंबाचा मोठा वाटा तिचा आहे.

१९५४ च्या निकालाने तत्त्व सांगितले, पण अंमलबजावणीविषयी काहीच सांगितले नाही. तो भाग ३१ मे १९५५ च्या दुसऱ्या निकालावर सोपवला गेला आणि त्या दुसऱ्या निकालाने एकही तारीख घातली नाही. ‘विचारपूर्वक पण त्वरेने’ अशा अर्थाचे शब्द वापरून न्यायालयाने योजना आखण्याचे काम स्थानिक शाळा मंडळांकडे आणि देखरेखीचे काम जिल्हा पातळीवरच्या केंद्रीय न्यायाधीशांकडे दिले. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांनीच सुधारणेचा आराखडा करायचा होता, आणि तो तपासणारा न्यायाधीश त्याच गावात राहणारा, त्याच लोकांत उठबस असणारा होता. दक्षिण कॅरोलायनातले न्यायमूर्ती वेटीज वॉरिंग यांनी ब्राऊनच्याही आधी, १९५१ मध्ये, वेगळेपण हीच विषमता आहे असे भिन्नमत नोंदवले होते. त्यांना चार्ल्सटनमधल्या आपल्याच समाजाने इतके वाळीत टाकले की निवृत्तीनंतर ते न्यूयॉर्कला निघून गेले. बाकीच्या न्यायाधीशांनी हे पाहिले होते.

यानंतर राज्यांनी ‘विद्यार्थी प्रवेश वाटप’ कायदे केले. त्यांत वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. प्रत्येक मुलाने स्वतंत्र अर्ज करायचा, मंडळाने त्याची शैक्षणिक तयारी, मानसिक जडणघडण, घराचे अंतर, शाळेतली जागा असे अनेक निकष लावायचे आणि अर्ज फेटाळायचा. मग पालकांनी ठरलेल्या मुदतीत मंडळाकडे अपील करायचे, पुढे राज्याच्या न्यायालयात जायचे, आणि एवढे सगळे होईपर्यंत मूल वरच्या वर्गात गेलेले असायचे. एका निकालाने सगळ्यांचा प्रश्न सुटू नये, प्रत्येक मुलामागे एक खटला व्हावा, अशी ही बेतलेली व्यवस्था होती.

आणि वादी होणे म्हणजे काय हे दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, माणसांना विचारावे. ब्राऊनच्या नावाखाली एकत्र झालेल्या पाच खटल्यांपैकी एक तिथला. सुरुवातीला मागणी फक्त एका बसची होती. गोऱ्या मुलांसाठी काउंटीच्या तीस बसगाड्या होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. पालकांनी पदरमोड करून एक जुनी बस घेतली आणि निदान पेट्रोलचा खर्च द्या म्हणून विनंती केली, तीही नाकारली गेली. १९४९-५० मध्ये तिथे गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर आणि कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर खर्च होत होता. अर्जावर पहिले नाव हॅरी ब्रिग्ज यांचे होते. नौदलात राहून आलेला हा माणूस पेट्रोल पंपावर काम करत असे. त्यांची नोकरी ऐन नाताळच्या आदल्या दिवशी गेली, आणि मोटेलमध्ये सफाईचे काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी एलायझा यांचीही गेली. पालकांना संघटित करणारे पाद्री जोसेफ डिलेन यांचे घर जाळले गेले. १९५६ मध्ये त्याच राज्याने असा कायदा केला की कृष्णवर्णीयांचे खटले चालवणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या सभासदाला सरकारी नोकरी मिळणार नाही. शिक्षक हे सरकारी नोकर होते, त्यामुळे या कायद्याचा रोख कोणावर होता हे वेगळे सांगायला नको.

अश्विनी

श्रीधर यांनी कचेरीची बाजू नेमकी मांडली आहे. पण वर्गात काय होत होते त्याशिवाय चित्र पुरे होत नाही, म्हणून आर्कान्सा राज्यातल्या लिट्ल रॉक शहराविषयी लिहिते.

४ सप्टेंबर १९५७ ला सेंट्रल हायस्कूलसमोर एकटी चालणारी एलिझाबेथ एकफर्ड हिचे छायाचित्र जगभर गेले. ती एकटी का होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. गोऱ्या मुलांच्या या शाळेत प्रवेश मिळालेल्या नऊही कृष्णवर्णीय मुलांनी एकत्र जायचे असे आदल्या रात्री ठरले, पण एकफर्ड कुटुंबाच्या घरी टेलिफोन नव्हता आणि तिला निरोप पोहोचला नाही. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी उभ्या केलेल्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या सैन्यदलाच्या, शिपायांनी तिला आत जाऊ दिले नाही आणि ती जमावातून चालत बसथांब्यापर्यंत आली. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवल्यावर २५ सप्टेंबरला मुले आत गेली. बहुतेकांची गोष्ट इथेच संपते.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. प्रत्येक मुलाबरोबर एक सैनिक असे, पण तो वर्गाच्या दाराशी थांबे. वर्गात, स्वच्छतागृहात, व्यायामशाळेच्या कपडे बदलण्याच्या खोलीत तो जाऊ शकत नव्हता, आणि छळणाऱ्यांना हे पक्के माहीत होते. जिन्यावरून ढकलणे, टाचा तुडवणे, अंगावर गरम सूप ओतणे हे महिनोन्‌महिने चालले. आपण उलट हात उचलला तर काढून टाकण्यासाठी तेवढे कारण पुरेल, हे या मुलांना बजावलेले होते. मिनिजीन ब्राऊनचा संयम सुटला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये तिला शाळेतून काढण्यात आले, तेव्हा ‘एक गेली, आठ उरले’ अशा मजकुराच्या चिठ्ठ्या शाळेत वाटल्या गेल्या. मे महिन्यात अर्नेस्ट ग्रीन सेंट्रल हायस्कूलचे शिक्षण पुरे करून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. समारंभाला मार्टिन ल्यूथर किंग हजर होते. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या आणि त्याच्या नावाला सभागृह शांत राहिले, असे त्याने पुढे सांगितले आहे.

सप्टेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावले की राज्याचे अधिकारी घटनेच्या वर नाहीत. त्यावर गव्हर्नरांनी शहरातली चारही हायस्कुले वर्षभरासाठी बंद केली. वर्ग बंद राहिले, फुटबॉलचे सामने मात्र ठरल्याप्रमाणे झाले. मुलांच्या शिक्षणाचे मोल ठरवणाऱ्या मोठ्या माणसांनी हा निर्णय घेतला, याची मला आजही चीड येते.

केदार

शाळा बंद करण्याचा विषय निघालाच आहे, तर व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. मेघना यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथेच सर्वांत स्पष्ट दिसते.

फार्मव्हिल गावातले मोटन हायस्कूल सुमारे १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेले होते आणि १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेच्या वर मुले होती. मंडळाने उपाय म्हणून आवारात लाकडी सांगाड्यांच्या, डांबरी कागद ठोकलेल्या खोल्या उभ्या केल्या. पाऊस आला की त्या गळत. हिवाळ्यात शेगडीजवळच्या मुलाला घाम फुटे आणि दाराजवळचे मूल कोट घालून बसे. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या विद्यार्थिनीने आणि तिच्या सोबत्यांनी मुख्याध्यापकांना खोट्या फोनचे निमित्त करून शाळेबाहेर पाठवले आणि सर्व वर्गांना सभागृहात बोलावले. पडदा उघडला तेव्हा व्यासपीठावर मुख्याध्यापकांऐवजी बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली आणि मुलांना संपाचे आवाहन केले. त्यांची मागणी चांगल्या इमारतीची होती. एनएएसीपीचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन आले आणि त्यांनी अट घातली की नव्या इमारतीसाठी आम्ही लढणार नाही, वेगळेपणच संपवा अशी मागणी करणार असाल तर खटला घेऊ. मुलांनी आणि पालकांनी ते मान्य केले. ११७ विद्यार्थी वादी झाले. जिवाला धोका आहे म्हणून बार्बराला काकांकडे मॉन्टगोमेरीला पाठवण्यात आले.

मंडळाने खटला चालू असतानाच, १९५३ मध्ये, नवी इमारत बांधून दिली. म्हणजे पैसे नव्हते ही सबब खोटी होती. आणि १९५९ मध्ये, आता गोऱ्या मुलांच्या शाळेत कृष्णवर्णीय मुले घ्यावीच लागणार असे दिसताच, काउंटीच्या कारभाऱ्यांनी सार्वजनिक शाळांसाठी एक छदामही मंजूर केला नाही. सगळ्या सार्वजनिक शाळांना कुलपे लागली. गोऱ्या मुलांसाठी लगेच खासगी शाळा निघाली आणि तिला शुल्क अनुदान व करसवलतीच्या वाटेने सार्वजनिक पैशाचा आधार मिळाला. कृष्णवर्णीय मुलांसाठी पाच वर्षे सार्वजनिक शाळा नव्हती. ज्यांना नातेवाइकांकडे किंवा क्वेकर पंथीयांच्या मदतीने परराज्यांतल्या कुटुंबांकडे जाता आले ती गेली. काही जणांना चर्चच्या तळघरात थोडेफार वाचन-गणित मिळाले. बाकीची शेतात कामाला लागली. १९५९ मध्ये पहिलीत जायचे मूल १९६४ मध्ये दहा-अकरा वर्षांचे झाले होते.

१९६३-६४ मध्ये केनेडी सरकारच्या पुढाकाराने, देणग्यांच्या पैशावर, मोफत शाळा चालल्या. मे १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आता नुसत्या सावकाशीची वेळ संपली आहे, आणि काउंटीला कर बसवून शाळा उघडायला लावता येईल. या सगळ्या काळात पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन यांनी पालकांची फळी फुटू दिली नाही. २००४ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्या काळात शाळेला मुकलेल्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा ती मुले साधारण पन्नाशी-साठीच्या घरात पोहोचली होती.

मेघना, आपण विचारले आहे की कशामुळे. न्यायालयाकडे तक्रार घेऊन जाणारी माणसे नसती तर न्यायालयापुढे प्रकरणच नसते, आणि इथे ती माणसे म्हणजे शाळकरी मुले होती.

मेघना

सर्वांचे मनापासून आभार. केदार यांचा मुद्दा पटतो, तरी एक शंका राहते. १९५१ मध्येही आईवडील आणि मुले धैर्याने उभी राहिली आणि १९६४ मध्येही राहिली. मग १९६४ नंतर आकडे एवढ्या झपाट्याने का बदलले? धैर्य तेच असेल तर दुसरे काहीतरी बदलले असले पाहिजे.

श्रीधर

आपली शंका रास्त आहे. दोन गोष्टी बदलल्या.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने प्रथमच केंद्राच्या महान्यायवादींना शाळा मंडळांवर स्वतः दावा लावण्याचा अधिकार दिला, म्हणजे हॅरी ब्रिग्जसारख्या माणसाने नोकरी पणाला लावून वादी होण्याची गरज उरली नाही. त्याच कायद्यात भेदभाव करणाऱ्या संस्थेचा केंद्रीय निधी थांबवण्याची तरतूद होती. ती पहिल्या वर्षी पोकळ वाटली असती, पण १९६५ मध्ये शालेय शिक्षणासाठी वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक केंद्रीय निधी देणारा कायदा झाला आणि दक्षिणेतल्या गरीब काउंटींना तो पैसा हवा होता. आता टाळाटाळ करण्याची किंमत मंडळाला मोजावी लागणार होती.

मंडळांनी यावरही तोड काढली. ‘निवडीचे स्वातंत्र्य’ या नावाखाली त्यांनी प्रत्येक कुटुंबाला शाळा निवडायला सांगितले. व्हर्जिनियातल्या न्यू केंट काउंटीत दोनच शाळा होत्या, एक गोऱ्यांची आणि एक कृष्णवर्णीयांची, वॉटकिन्स नावाची. वस्ती मिसळलेली होती. तरी २१ बसगाड्या, ११ एका शाळेच्या आणि १० दुसरीच्या, त्याच रस्त्यांवरून एकमेकींना ओलांडत वेगवेगळी मुले गोळा करत फिरत. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने वॉटकिन्स शाळा निवडली नाही आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुले तिथेच राहिली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बनाव ओळखला आणि फलद्रूप होईल अशी योजना, तीही आत्ताच, द्या असे सांगितले. पुढच्याच वर्षी मिसिसिपीच्या प्रकरणात ‘ताबडतोब’ असा आदेश झाला. १९७० पर्यंत दक्षिणेतली सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय मुले गोरे बहुसंख्य असलेल्या शाळांत होती.

त्यामुळे केदार यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. धैर्याशिवाय सुरुवात झाली नसती, पण निधी रोखण्याची धमकी आणि ठाम तारीख यांच्याशिवाय तो आकडा हलला नसता.

सुलभा

‘आकडा हलला’ यावर थांबता येणार नाही, कारण तो कोणाच्या खर्चाने हलला हेही पाहिले पाहिजे. दोन शाळा एक करताना जवळजवळ सर्वत्र कृष्णवर्णीयांची शाळा बंद झाली. तिचे नाव, तिची पदके, वाद्यवृंद, माजी विद्यार्थ्यांनी पै-पै करून घेतलेली पुस्तके, यांतले फार थोडे नव्या ठिकाणी पोहोचले. मुख्याध्यापक उपमुख्याध्यापक झाले किंवा भांडारपाल झाले. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेच्या व सीमेवरच्या सतरा राज्यांत अंदाजे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक-प्रशासकांनी नोकऱ्या गमावल्या असे मानले जाते. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्येच बजावले होते की मुलाला तुच्छ लेखणाऱ्या शिक्षकाच्या हाती सोपवून मिळणारे एकत्र शिक्षण हे शिक्षण नव्हे.

उत्तर कॅरोलायनातल्या हाइड काउंटीचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. १९६८ मध्ये मंडळाने कृष्णवर्णीयांच्या दोन्ही शाळा बंद करून मुलांना गोऱ्यांच्या शाळेत नेण्याचे ठरवले, तेव्हा तिथल्या पालकांनी वर्षभर मुले शाळेत पाठवली नाहीत. ते एकत्रीकरणाच्या विरोधात नव्हते. एकत्र यायचे तर आमच्या इमारतींत आणि आमच्या शिक्षकांच्या हाताखालीही या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मोर्चे निघाले, मुलांनी तुरुंगवास भोगला, आणि शेवटी त्यांच्या शाळा टिकल्या. मेघना यांच्या यादीत न्यायालय, पैसा आणि पालक आहेत. त्यात शिक्षकांना जागा द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दत्ता

चर्चा दक्षिणेपुरती राहिली आहे, म्हणून उत्तरेविषयी थोडक्यात लिहितो. ३ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्क शहरात साडेचार लाखांहून अधिक विद्यार्थी वेगळ्या, निकृष्ट शाळांच्या निषेधार्थ घरी राहिले. बेयार्ड रस्टिन आणि पाद्री मिल्टन गॅलमिसन यांनी त्याची आखणी केली होती. संख्येच्या दृष्टीने त्या काळातल्या सर्वांत मोठ्या निदर्शनांत याची गणना करावी लागेल, तरी शहराचा कारभार फारसा बदलला नाही. बॉस्टनमध्ये रूथ बॅट्सन यांनी १९६३ मध्ये शाळा समितीपुढे तक्रार मांडली. शाळांत असे वेगळेपण आहे हेच समितीने मान्य केले नाही, आणि मुलांना बसने इतर वस्त्यांतल्या शाळांत नेण्याचा न्यायमूर्ती गॅरिटी यांचा आदेश येईपर्यंत १९७४ उजाडले. त्या वर्षी साउथ बॉस्टनमध्ये मुलांच्या बसगाड्यांवर दगड पडले.

श्रीधर म्हणतात तशी ठाम तारीख आणि ठाम आदेश उत्तरेत लागू पडला नाही, याचे कारण डेट्रॉइटच्या खटल्यात आहे. शहरातल्या शाळांत सुमारे दोन तृतीयांश मुले कृष्णवर्णीय होती आणि भोवतालची उपनगरे जवळजवळ पूर्ण गोरी होती. केवळ शहरात मुले इकडची तिकडे करून काही साधणार नाही हे ओळखून न्यायमूर्ती स्टीफन रॉथ यांनी ५३ उपनगरी शाळा मंडळांना योजनेत घेतले. २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केले : उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा त्यांना यात ओढता येणार नाही. ब्राऊन खटला लढवणारे थर्गुड मार्शल तोवर स्वतः न्यायमूर्ती झाले होते आणि त्यांनी तीव्र भिन्नमत नोंदवले.

न्यू केंटमध्ये एकाच काउंटीत एकाच मंडळाच्या हाती दोन्ही शाळा होत्या, म्हणून आदेशाने काम झाले. डेट्रॉइटमध्ये गोऱ्या कुटुंबाला हद्द ओलांडून राहायला गेले की आदेशाच्या बाहेर पडता येत होते, आणि १९७४ नंतर न्यायालयाने त्या हद्दीलाच संरक्षण दिले. त्यामुळे दहा वर्षे निकाल कागदावर का राहिला, या मेघना यांच्या प्रश्नाला उत्तरेकडच्या शहरांपुरते उत्तर द्यायचे तर दहा वर्षांची मुदतच सोडून द्यावी लागेल, कारण तिथे तो बहुतांशी कागदावरच राहिला.